मोठ्या लेकरांसोबत थीम पार्कचा दिवस: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

आपल्याकडून थीम पार्कला जाणारी बरीच कुटुंबं एकाच पद्धतीने निघतात. रात्री दहाला गाडी काढायची, सकाळी पार्कच्या दारात उतरायचं, दिवसभर खेळायचं आणि त्याच रात्री परत फिरायचं. मुक्कामाचा खर्च वाचतो खरा. पण मोठ्या राइडच्या रांगा सगळ्यात लहान असतात त्या सकाळच्या वेळेला निम्मं घर सावलीच्या बाकड्यावर पेंगत असतं. आणि परतीच्या रात्री स्टिअरिंगवर बसणारा माणूस दोन दिवस धड झोपलेला नसतो.

हा लेख साधारण बारा ते सतरा वर्षांची मुलं असलेल्या घरांसाठी आहे. या वयाच्या मुलांना बहुतेक राइडवर बसता येतं, त्यांना पूर्ण तिकीट लागतं आणि आई-बाबांचा हात धरून फिरणं त्यांना नको असतं. तरीही आखणी मात्र पाच वर्षांच्या मुलासाठी केल्यासारखी होते, आणि तिथूनच चिडचिड सुरू होते. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास हातात ठेवायचे, हे एकदा ठरवलं की बाकीच्या गोष्टींचा क्रम आपोआप लागतो. खालचे टप्पे त्याच हिशेबाने मांडले आहेत.

## टप्पा १: दिशा ठरवा, पुणे की हैदराबाद

मराठवाड्यातून दोन मोठे पर्याय आहेत. एक खोपोलीजवळचं इमॅजिका, जे २०१३ मध्ये सुरू झालं. दुसरं हैदराबादजवळ रविर्यालचं वंडरला, जे २०१६ मध्ये सुरू झालं. नाव ऐकून ठरवू नका, नकाशा उघडून ठरवा.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडकरांना खोपोली सोयीचं. संभाजीनगर ते पुणे सुमारे २३५ किलोमीटर, त्यापुढे घाट उतरून खोपोली. नांदेड आणि हिंगोलीकरांनी पुण्याचा विचारच सोडावा. नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग १६१ थेट हैदराबादच्या तोंडाशी नेतो. उदगीर, निलंगा, देवणीकडच्यांना बिदर-जहीराबादमार्गे हैदराबादच जवळ. परभणी, लातूर आणि धाराशिवकरांना मात्र दोन्ही बाजू विचारात घेता येतात. तिथे अंतरापेक्षा मुक्कामाची सोय कुठे आहे ते पाहा. पुण्यात मावशी-काका असतील तर पुणे, नाहीतर हैदराबाद.

रामोजी फिल्म सिटीचं नाव या चर्चेत हमखास निघतं. ती जागा पाहण्यासारखी आहे, पण तिथला दिवस मुख्यतः बसमधून सेट पाहत फिरण्यात जातो. चौदा वर्षांच्या मुलाने "रोलर कोस्टर" म्हटलं असेल आणि तुम्ही त्याला रामोजीला नेलंत, तर संध्याकाळी त्याचा चेहरा पडलेला दिसेल. दोन्ही करायचं असेल तर दोन स्वतंत्र दिवस ठेवा.

खोपोलीच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगतो. महडचा वरदविनायक तिथून जवळ आहे, पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्याने पुढे आहे. साहजिकच घरातली मोठी माणसं म्हणतात, आधी दर्शन, मग पार्क. श्रद्धेला माझा विरोध नाही. दिवस बदला एवढंच. सकाळच्या दर्शनाच्या रांगेत गेलेले दोन तास पार्कमध्ये चार तासांना पडतात, कारण तुम्ही गर्दीच्या मागे आत शिरता. दर्शन पोहोचण्याच्या दिवशी संध्याकाळी करा किंवा परतीच्या सकाळी.

## टप्पा २: तारीख

शनिवार-रविवार, दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा आणि मे महिना हे चार काळ सोडले की निम्मं काम झालं. बाकीच्यातही खाचखळगे आहेत.

डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते म्हणून लोक आठवड्याचा मधला वार धरतात आणि नेमके शाळांच्या सहलींच्या बसगाड्यांमध्ये सापडतात. दोनशे मुलांचा एक गट एका राइडवर आला की अर्धा-पाऊण तास गेला. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पार्कला फोन करून सरळ विचारा: त्या दिवशी शाळांचं ग्रुप बुकिंग किती आहे? अशा चौकशीला उत्तर मिळतं.

हैदराबादला जाणाऱ्यांनी तेलंगणच्या सुट्या वेगळ्या पाहाव्यात. तिकडे दसऱ्याला शाळांना आपल्यापेक्षा मोठी सुटी असते. आपल्याला "अजून दिवाळी लांब आहे" वाटतं आणि तिकडे पार्क भरलेलं असतं.

खोपोलीला जून ते सप्टेंबर टाळा. घाटाच्या पायथ्याचा पाऊस आपल्याकडच्या पावसासारखा नाही. लागला की दिवसभर लागतो, आणि विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवतात. हैदराबादला त्याच काळात पाऊस बराच कमी असतो, तेव्हा जुलैतला एखादा मधला वार तिकडे चालून जातो.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी. सहली संपलेल्या असतात, ऊन अजून तापलेलं नसतं. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर अर्थातच नाही. शिवाय जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्या जाहीर करतात त्या दिवशी आपल्याकडे शाळा बंद आणि पुण्या-हैदराबादला कामाचा दिवस असतो. अशी सुटी शनिवार-रविवारला जोडून आली तर ती पकडा. येळवस (वेळ अमावास्या) सोडून, कारण त्या दिवशी शेतातला घास चुकवायचा नसतो.

तपासा: कमी गर्दीच्या काळात काही पार्क आठवड्यातला एखादा दिवस बंद ठेवतात किंवा काही राइड दुरुस्तीला काढतात. ज्या राइडसाठी मुलांचा हट्ट आहे ती त्या दिवशी चालू आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

## टप्पा ३: तीन दिवसांचा साचा

पहिला दिवस प्रवास, दुसरा दिवस पार्क, तिसरा दिवस परत. यात काटछाट करू नका.

उदाहरणार्थ, रविवारी पहाटे निघा, रविवारीच मुक्कामी पोहोचा, सोमवारी पार्क, सोमवारी रात्री तिथेच मुक्काम, मंगळवारी सकाळी परत. मुलांची दोन दिवस शाळा बुडते, तेवढी बुडू द्या.

संभाजीनगरकडून येताना शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी वेळ खाते, तेव्हा त्या भागातून दुपारच्या आत बाहेर पडा. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी घाटात असते आणि तुम्हीही त्याच दिशेने चाललेले असता. म्हणून रविवारी पहाटे निघणं महत्त्वाचं. मुक्काम लोणावळ्यात न करता घाट उतरून खोपोलीच्या बाजूला करा. लोणावळ्यात हॉटेलं भरपूर आहेत, पण पार्कच्या दिवशी सकाळी पुन्हा घाट उतरावा लागतो आणि तिथे एक ट्रक बंद पडला तरी तुमचे ते पहिले दोन तास गेले.

हैदराबादला जाणाऱ्यांनी शहरात शिरू नये. संगारेड्डीकडून येताना पाटणचेरूच्या अलीकडे आऊटर रिंग रोड लागतो, तो धरा आणि १३ क्रमांकाच्या एक्झिटला उतरा. मुक्कामही शहराच्या दक्षिणेकडे, विमानतळाच्या बाजूला शोधा. चारमिनार आणि बिर्याणी तिसऱ्या दिवसासाठी.

रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. संभाजीनगर-जालन्याहून अजिंठा एक्सप्रेस रात्रीतून सकाळी हैदराबादेत उतरवते. गाडी सकाळी पोहोचते म्हणून तडक पार्क गाठायचं, असं मात्र करू नका. तो दिवस शहर पाहण्यात घालवा आणि पार्क दुसऱ्या दिवशी.

सावधान: भाड्याची गाडी ठरवताना पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी "आपल्याच ओळखीतली" म्हणून घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा वांधा होतो. पिवळ्या पाटीची गाडी आणि राज्याबाहेर जायचं असेल तर तिचं परमिट, दोन्ही निघण्याआधी पाहून घ्या. बिदरमार्गे जाताना मध्ये कर्नाटकही लागतं, हे चालकाला आधीच सांगा. आणि चालकाच्या झोपायची सोय तुमच्या हॉटेलात आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. पार्किंगमध्ये सीट मागे करून घेतलेली डुलकी म्हणजे झोप नव्हे.

## टप्पा ४: तिकीट काढण्याआधी उंची मोजा

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात आणि मग गेटवर वाद घालतात.

बऱ्याच पार्कमध्ये मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. अकरा वर्षांचा उंच मुलगा मोठ्यांच्या तिकिटात मोडतो आणि आई जन्मदाखला दाखवत राहते. उलट बाजूने, मोठ्या रोलर कोस्टरना किमान उंचीची अट असते, बहुधा १४० सेंटिमीटरच्या आसपास. तेरा वर्षांचं पण चणीने लहान लेकरू त्या रेषेखाली राहिलं, तर ज्यासाठी आला तीच राइड त्याला मिळत नाही आणि बरोबरचे भावंड मात्र बसतात. हे दुःख गेटवर कळण्यापेक्षा घरी कळू द्या.

घरी भिंतीला टेकवून, अनवाणी, टेपने मोजा. बूट घालून मोजलेली उंची तिथे चालत नाही. मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडपुढे लिहिलेली अट मुलांसोबत बसून वाचा. एखादा सेंटिमीटर कमी पडत असेल तर त्या मुलाशी आधीच बोला, त्याच्यासाठी कोणत्या राइड आहेत ते त्यालाच शोधू द्या.

आता तिकिटाचा दुसरा घोळ. वंडरलात एकाच तिकिटात जमिनीवरच्या आणि पाण्याच्या दोन्ही राइड येतात. इमॅजिकात थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं आणि त्यांची तिकिटंही वेगळी. "इमॅजिकाचं तिकीट काढलं" एवढ्यावर विसंबून पोहण्याचे कपडे घेऊन थीम पार्कच्या दारात उभं राहिलेलं कुटुंब तिथे पाहायला मिळतं. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा मोह होतो, पण मोठ्या मुलांना थीम पार्कच दिवसभर पुरतं. एकच निवडा.

तिकीट ऑनलाइन आधी काढा. रांगही वाचते आणि बऱ्याचदा दरही कमी पडतो. किमतीत कर धरला आहे की नाही ते शेवटच्या पानावर पाहा. विद्यार्थी सवलत घेतली असेल तर मूळ ओळखपत्र न्या, मोबाइलमधला फोटो नाकारला जाऊ शकतो.

रांग टाळणारा महागडा पास घ्यावा का? मधल्या वारी, सहलीचा हंगाम नसताना, अजिबात नको. सुटीच्या दिवशी जाणं भागच असेल तर घ्या, पण घरातल्या सगळ्यांना नाही, जे मोठ्या राइडवर बसणार आहेत त्यांनाच. आधी वाचा की तो कोणत्या राइडना लागू आहे आणि प्रत्येकीवर किती वेळा.

आजी-आजोबांना न्यायचं का, हाही प्रश्न इथेच सोडवा. नुसतं बसायलाही तिकीट लागतं आणि दिवस आठ-दहा तासांचा असतो. त्यांना हौस असेल तर जरूर न्या, सावलीची आणि बसायची जागा आधी पाहून ठेवा. "सगळे चाललेत म्हणून" नेऊ नका. त्यांनी मुक्कामावर आराम केला आणि दुसऱ्या दिवशी बल्लाळेश्वराला सगळे सोबत गेले, तर सगळ्यांनाच बरं पडतं.

## टप्पा ५: मुलांसोबत बैठक

निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी सगळे बसा आणि पार्कचा नकाशा मोबाइलवर उघडा. प्रत्येक मुलाने तीन राइड निवडायच्या: काहीही झालं तरी हव्यातच अशा. चार मुलं असतील तर नावं फिरून फिरून येतात आणि पाच-सहा राइडची यादी तयार होते. तीच तुमची सकाळ. बाकी सगळं मिळालं तर मिळालं.

याच बैठकीत भीतीबद्दलही बोला. जत्रेतल्या आकाशपाळण्यात, ब्रेकडान्समध्ये किंवा टोराटोरात कोणाचं पोट ढवळलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. गोल फिरणाऱ्या पाळण्याने गरगरणारं लेकरू उंचावरून खाली येणाऱ्या राइडवर मजेत असू शकतं, आणि उलटही होतं. तेव्हा "तू माळेगावच्या जत्रेत ओकला होतास" म्हणून त्याला सरसकट बाद करू नका. कोणत्या हालचालीने त्रास होतो ते त्याच्याकडून समजून घ्या.

कुणालाही जबरदस्तीने बसवायचं नाही, आणि न बसणाऱ्याला चिडवायचं नाही, हा नियम चुलत-मावस भावंडांसमोर मोठ्यांनी मोठ्याने सांगावा. पंधरा वर्षांच्या मुलाला चुलतभावांसमोर "नको" म्हणणं फार अवघड जातं. त्याला आधीच मोकळी वाट द्या: "मी फोटो काढतो" म्हणून तो खाली थांबला तर कोणी काही विचारणार नाही.

पैशाचंही इथेच ठरवा. प्रत्येक मोठ्या मुलाच्या हातात दिवसाची ठरावीक रक्कम द्या. आइसक्रीम, फोटो, टोपी, काय घ्यायचं ते त्याने ठरवायचं. संपले की संपले. दिवसभर "पप्पा, हे घ्या ना" ऐकावं लागत नाही आणि लेकरंही जपून खर्च करतात.

आरोग्याची तपासणी: हृदयविकार, रक्तदाब, फिट येणं, मणक्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, आणि गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर वेगवान राइड नाहीत. दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी नको, सोबतच्या मोठ्या माणसाच्या खिशात हवा. मुलींच्या पाळीच्या तारखा आईने किंवा मावशीने आधी विचाराव्यात. पाण्याचा दिवस त्यावर ठरतो आणि ऐनवेळी कानात सांगण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

## टप्पा ६: कपडे आणि पिशवी

पाण्याच्या राइडसाठी नायलॉनचे किंवा सिंथेटिक पोहण्याचेच कपडे चालतात. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी यांना मनाई असते. हे नखरे नाहीत: सुती कापड पाणी शोषून जड होतं, ओढणी अडकते. तिथे कपडे भाड्याने मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही आणि वयात आलेल्या मुलींना ते घालायला संकोच वाटतो. संभाजीनगरात गुलमंडीवर, लातुरात गंजगोलाईत किंवा नांदेडात वजिराबादला खेळाच्या साहित्याच्या दुकानात पूर्ण बाह्यांचे, पूर्ण लांबीचे पोहण्याचे कपडे मिळतात. बायकांनीही आपल्यासाठी घ्यावेत. एरवी आई आणि काकू दिवसभर पिशव्या सांभाळत काठावर बसतात, आणि तिकीट तर त्यांचंही काढलेलं असतं.

जमिनीवरच्या राइडसाठी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या कोस्टरला पायाखाली तळच नसतो, पाय लोंबकळतात. तिथे साध्या चपला काढून ठेवाव्या लागतात. चष्मेवाल्यांनी मागून बांधायची दोरी घ्यावी. ती चाळीस-पन्नास रुपयांत चष्म्याच्या दुकानात मिळते आणि हजारोंचा चष्मा वाचवते.

बाहेरचं खाणं बहुतेक मोठ्या पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची तर नक्की न्या, पण ती प्रवासासाठी आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर खायला. गेटवर डबे उघडून दाखवण्यात वेळ घालवू नका. आत जाताना एक छोटी पिशवी पुरे: ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, उलटीची गोळी, सनस्क्रीन, एक टॉवेल, कोरडे कपडे, थोडी रोख रक्कम आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पाउच. रोख यासाठी, की गर्दीच्या दिवशी नेटवर्क अडखळतं आणि यूपीआय फिरत बसतं.

सोन्याच्या साखळ्या, कानातले लोंबते झुबे, मंगळसूत्राची लांब सर हे सगळं मुक्कामावर ठेवा.

## टप्पा ७: पार्कचा दिवस, तासागणिक

उठल्यापासून गेटपर्यंत. नाश्ता पार्क उघडण्याच्या किमान दीड तास आधी. पोहे, उपमा, इडली चालेल. पुरी-भाजी, वडा, मिसळ नको. उपाशीही जाऊ नका, रिकाम्या पोटी गरगर जास्त होते. ज्याला गाडी लागते त्याने उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. तिने झोप येते, म्हणून ती कोणती घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवलेलं बरं. गेट उघडण्याआधी अर्धा तास दारात उभे असा.

आत शिरल्या शिरल्या. तीन गोष्टी करा आणि पुढे व्हा: लॉकर घ्या, कोणत्या राइड बंद आहेत ते विचारा, पाण्याच्या राइड किती वाजता सुरू आणि बंद होतात ते विचारा. पाण्याचा भाग बऱ्याचदा बाकी पार्कच्या आधी बंद होतो. प्रवेशद्वाराजवळच्या सजावटीपुढे अर्धा तास फोटो काढत बसणं ही सगळ्यात महागडी चूक. ती सजावट संध्याकाळीही तिथेच असते, आणि उजेड तेव्हाच चांगला असतो.

पहिले दोन तास. गेटपाशी जी पहिली राइड दिसते तिथेच सगळी गर्दी थबकते. तुम्ही तिला ओलांडून सरळ आत, यादीतल्या सगळ्यात लोकप्रिय राइडकडे जा. खोपोलीला बहुधा ती नायट्रो असेल, हैदराबादला रिकॉइल. ती झाली की लगेच शेजारची दुसरी, मग तिसरी. या दोन तासांत खाणं नाही, खरेदी नाही, पाणी पिण्यापुरतंच थांबणं. एखाद्या राइडने तांत्रिक अडचणीमुळे वाट पाहायला लावली तर दहा मिनिटं थांबा आणि पुढे निघा, नंतर परत या.

घरात एखादं लेकरू कोस्टरवर पहिल्यांदाच बसणार असेल तर गट फोडा. एका मोठ्या माणसासोबत धीट मुलं थेट मोठ्या राइडला, दुसऱ्या मोठ्यासोबत नवखं लेकरू आधी लहान कोस्टरला. तिथून हसत उतरलं तर ते स्वतःच म्हणेल, मोठीला चला. नाही म्हणालं तर विषय संपला.

सावधान: मोबाइल खिशात ठेवून उलट्या-सुलट्या राइडवर बसू नका आणि व्हिडिओ काढायचा तर मुळीच नाही. पडलेला मोबाइल तुमचा जातो, आणि खाली कुणाच्या डोक्यात बसला तर त्या माणसाचा जीव धोक्यात येतो. सीटवरचा सुरक्षेचा दांडा बंद झाल्यावर कर्मचारी एकदा ओढून पाहतो, तरी आपणही पाहा. सैल वाटला तर हात वर करून ओरडून सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मुलांनाही शिकवून ठेवा.

जेवण. सगळे एक ते दोनच्या दरम्यान जेवतात, तेव्हा रांग जेवणाचीच असते आणि राइड मोकळ्या होतात. तुम्ही साडेबाराच्या आत जेवा किंवा अडीचला. हलकं खा आणि त्यानंतर पाऊण तास शांत गोष्टी करा: बंदिस्त थंड हॉलमधले शो, पडद्यासमोर बसायच्या राइड. इमॅजिकात आय फॉर इंडियासारखी राइड या वेळेला उत्तम. दुपारचं ऊनही टळतं.

दुपारनंतर पाणी. भिजवणाऱ्या राइड, खोपोलीला राजासॉरस किंवा हैदराबादला पाण्याचा पूर्ण विभाग, उन्हाच्या वेळेला ठेवा. सकाळीच भिजलात तर ओल्या कपड्यांनी आणि ओल्या बुटांनी दिवस काढावा लागतो, मांड्या घासतात, चालणं मंदावतं. लाटांच्या तलावात पोहता येणाऱ्या मुलानेही मोठ्यांच्या नजरेत राहावं. घसरगुंडीवरून येताना हात छातीवर, पाय जुळवलेले, डोकं मागे: तिथला कर्मचारी सांगतो तसंच. साखळी करून एकमेकांना धरून यायचं नाही. कानाचा पडदा फाटलेला किंवा कान वाहणारा कुणी असेल तर उंच घसरगुंड्या त्याच्यासाठी नाहीत.

दर तासाला पाणी, आणि दोनदा तरी ओआरएस. पाण्यात असताना तहान कळत नाही, पण घाम जातच असतो. डोकं दुखायला लागलं, चिडचिड वाढली, लघवी फार पिवळी झाली, तर राइड थांबवा, सावलीत बसा. मराठवाड्यातल्या लेकरांना ऊन नवं नाही, आणि म्हणूनच ती सांगत नाहीत.

## टप्पा ८: मोठ्या मुलांना मोकळं सोडणं

दिवसभर दहा जणांचा घोळका करून फिरलं तर प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असतं. दुपारनंतर चौदाच्या वरच्या मुलांना जोडीने किंवा तिघांनी फिरू द्या. ही परवानगी पुढच्या अटींवर द्या.

एकट्याने नाही, कमीत कमी दोघांनी. मनगटावर साधं घड्याळ, कारण मोबाइल लॉकरमध्ये असेल. दर दीड तासाने ठरलेल्या जागी हजेरी. ती जागा "त्या हॉटेलपाशी" अशी मोघम नको. सकाळी सगळ्यांनी सोबत जाऊन पाहिलेला एकच खांब, कारंजं किंवा पुतळा ठरवा. हजेरीला पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर पुढची मोकळीक बंद, आणि ही अट पाळा. प्रत्येकाच्या खिशात कागदावर आई-बाबांचा नंबर, कारण नंबर आजकाल कुणालाच पाठ नसतो. चुकामूक झाली तर इकडे-तिकडे शोधत फिरायचं नाही, जवळच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जाऊन थांबायचं.

आणि मुलींनाही हीच मोकळीक द्या. भावाला सोडलं आणि त्याच वयाच्या बहिणीला आईजवळ बसवून ठेवलं, तर तिला तो दिवस वेगळ्याच कारणाने लक्षात राहील. पाण्याच्या विभागात कुणी त्रास दिला, नजर ठेवली, फोटो काढला, तर लगेच जीवरक्षकाला किंवा सुरक्षा रक्षकाला सांगायचं आणि मग आपल्याला, हे तिला आधी समजावून सांगा.

## टप्पा ९: शेवटचे दोन तास आणि परत

संध्याकाळी लांबून आलेले आणि लहान मुलांवाले निघू लागतात. रांगा पुन्हा लहान होतात. सकाळी आवडलेली राइड दुसऱ्यांदा करायची ती आता. तुमचा मुक्काम तिथेच असल्यामुळे तुम्हाला घाई नाही. फोटो, खरेदी, सजावटीपुढचे क्षण, सगळं याच वेळेला. राइडवर काढलेले फोटो काउंटरवर विकतात. घरासाठी एकच घ्यायचा, आणि कोणता ते मुलांनी ठरवायचं.

निघण्याआधी ही फेरी मारा: लॉकर रिकामा केला का, त्याची अनामत परत घेतली का, भाड्याच्या वस्तू परत केल्या का, औषधाची पिशवी कुणाकडे, चष्मे सगळ्यांचे आहेत का. ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

मुक्कामावर गरम जेवण, कोमट पाण्याने आंघोळ, कान कोरडे करणं आणि लवकर झोप. कुणाला रात्रीही गरगरत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा मान दुखत असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे जा.

मंगळवारी चालक सात तास झोपून उठला आहे याची खात्री करूनच निघा. टायरची हवा पाहा, दर दोन तासांनी थांबा, आणि पुढच्या सीटवर जागं राहणारं माणूस बसवा. मागे लेकरं झोपलेलीच असतील. संभाजीनगरकडे जाणाऱ्यांनी पुणे सकाळी दहानंतर ओलांडावं, म्हणजे ऑफिसची गर्दी लागत नाही. नांदेडकडे जाणाऱ्यांनी देगलूरपर्यंतचा रस्ता उजेडात संपवावा.